‘ब्लडी’ला मराठीत काय म्हणायचं, भावा?

*लंडनच्या गल्लीतली बोली मराठी रंगमंचावर येते, तेव्हा तिच्या जागी कुणाची मराठी उभी राहते? ‘ती फुलराणी’पासून थेट तुमच्या ऑफिसच्या कॅन्टीनपर्यंत पोचलेल्या एका जुन्या भांडणाची गोष्ट...*

लंडनच्या क्लायंटबरोबर कॉल चालू आहे. तीन आठवडे राबून केलेलं काम तुम्ही दाखवता आणि पलीकडचा साहेब थंडपणे म्हणतो, ‘नॉट बॅड!’ तुमचा चेहरा पडतो. कॉल संपल्यावर टीम लीड पाठीवर थाप मारतो, ‘अरे, ब्रिटिश माणूस नॉट बॅड म्हणाला म्हणजे त्याला जाम आवडलंय!’ मग हळूहळू तुम्हाला कळायला लागतं. ‘चीअर्स’ म्हटलं म्हणजे ग्लास उचलायचा नसतो, तो थँक्स म्हणतोय. ‘आय ॲम नॅकर्ड’ म्हणजे बिचारा दमून आडवा झालाय. नाहीच कळलं तर सर्च मारायचा, आहे काय आणि नाही काय!

पण हीच भाषा नाटकात आली तर? अंधारात बसलेल्या प्रेक्षकाला तळटीप देता येत नाही. मोबाइल बंद ठेवायची विनंती तर तिसऱ्या घंटेलाच झालेली असते. शब्द कानावर पडला, त्याच सेकंदाला हशा यायला हवा; नाही आला तर संपलं. म्हणूनच ब्रिटिश नाटक मराठीत आणणाऱ्याची खरी परीक्षा भारदस्त इंग्रजीत होत नाही. शेक्सपिअरचं स्वगत एक वेळ जमून जातं. घाम फुटतो तो फुटपाथवरच्या इंग्रजीला. कारण स्लँगला नुसता अर्थ नसतो, पत्ताही असतो. बोलणारा कुठल्या गल्लीतला, कुठल्या घरातला, खिशात किती पैसे असलेला, हे सगळं एका शब्दात येतं. अर्थाचं भाषांतर होतं. पत्त्याचं कसं करायचं?

एका शब्दाचा धिंगाणा

या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे जॉर्ज बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’. गंमत म्हणजे हे नाटक रंगमंचावर आलं तेच भाषांतरातून. १९१३ मध्ये व्हिएन्नात ते जर्मन भाषेत झालं आणि मग ११ एप्रिल १९१४ ला लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये इंग्रजीत.

स्टोरी तुम्हाला माहीत असेलच. एलायझा डूलिटल ही रस्त्यावर फुलं विकणारी, अस्सल कॉकनी बोलणारी मुलगी. प्रोफेसर हिगिन्स हा उच्चारशास्त्रातला बाप माणूस. समोरचा कुठल्या भागातला आहे, हे तो नुसत्या बोलण्यावरून सांगतो. लंडनचा असेल तर जवळजवळ गल्लीसकट! काही महिन्यांत या मुलीला उमराव घराण्यातली बाई म्हणून खपवून दाखवीन, अशी पैज तो लावतो.

तिसऱ्या अंकात एलायझाची पहिली टेस्ट होते. हिगिन्सच्या आईकडे पाहुणे जमलेत. मुलीचे उच्चार एकदम टकाटक झालेत, पण विषय? आपली मावशी कशी मेली आणि घरात दारू कशी चालायची, हे ती अत्यंत खानदानी उच्चारांत सांगते. आणि निघताना, पार्कातून चालत जाणार का, असं विचारल्यावर ‘छे, टॅक्सीने जाणार’ एवढंच सांगताना मध्ये एक ‘ब्लडी’ टाकते. थिएटरमध्ये जो हशा पिकला, तो एक मिनिटाहून जास्त वेळ थांबला नाही म्हणतात. एलायझाचं काम करणाऱ्या मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल तेव्हा ४९ वर्षांच्या होत्या, पण त्या रात्रीनंतर वयाची चर्चा कोण करतो! चर्चा झाली ती शब्दाची. पुढे लंडनमध्ये लोक ‘ब्लडी’ म्हणायचं टाळून गमतीने त्या जागी ‘पिग्मॅलियन’च म्हणायला लागले.

यातली खरी मेख बघा. विनोद शिवीचा नाहीये. उच्चार एका घरातला आणि शब्द दुसऱ्या घरातला, हा विनोद आहे. त्याच सीनमध्ये क्लारा नावाची एक मध्यमवर्गीय मुलगी आहे. तिला वाटतं, ही बोलण्याची लेटेस्ट फॅशन असणार! म्हणून जाताना तीही तो शब्द ठोकून देते. ‘भिडू’, ‘लोचा’, ‘राडा’ हे शब्द आपल्याकडे गल्लीतून कॉलेज कट्ट्यावर आणि तिथून जाहिरातीत कसे गेले, ते आठवा. शॉने तो प्रवास १९१४ मध्येच दाखवून ठेवला होता.

आणि शब्द म्हातारेही होतात बरं का. ‘पिग्मॅलियन’वरून १९५६ मध्ये ‘माय फेअर लेडी’ हे म्युझिकल आलं, तोवर ‘ब्लडी’तली हवा गेली होती. त्यामुळे तिथे सीन घोड्यांच्या रेसवर नेला आणि एलायझाच्या तोंडी घोड्याला उद्देशून वेगळाच सणसणीत शब्द घातला. म्हणजे इंग्रजीतून इंग्रजीत आणतानाही शब्द बदलावा लागला, तेव्हा कुठे धक्का तोच राहिला.

‘ह’ खाणारे आणि ‘ण’ चुकवणारे

कॉकनी म्हणजे पूर्व लंडनच्या कष्टकरी वस्तीची बोली. सेंट मेरी-ल-बो चर्चच्या घंटा ज्याला जन्मतः ऐकू आल्या तो खरा कॉकनी, अशी जुनी समजूत आहे. आपल्याकडे शनिवारवाडा दिसतो त्या अंतरात जन्मला तोच खरा पुणेकर, असं कुणी छातीठोक सांगतं ना, अगदी तसंच.

या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गायब होतो. ‘हाउस’चं ‘आउस’ होतं. वर यमकांची एक धमाल कोडभाषाही आहे. ‘स्टेअर्स’ला यमक जुळतं म्हणून जिन्याला ‘ॲपल्स अँड पेअर्स’ म्हणायचं आणि मग ‘पेअर्स’ही गाळून नुसतं ‘ॲपल्स’! बाहेरच्याला वाटतं फळांचं चाललंय. लहानपणी आपण मोठ्यांसमोर ‘च’ची भाषा बोलायचो, त्यातलाच प्रकार. फक्त इथे अख्खी वस्ती ती खेळते.

शॉनेही एलायझाचे पहिले काही संवाद उच्चाराबरहुकूम लिहिले आणि मग हात टेकले. लंडनबाहेरच्या माणसाला हे वाचताच येणार नाही, म्हणून आता पुरे, अशा अर्थाची कबुली त्याने नाटकातच देऊन टाकली आहे. लिहिणाऱ्याची ही गत, तर मराठीत आणणाऱ्याची काय?

मराठीत ‘ह’ खाल्ला तर कुणाला काही वाटत नाही. आपल्याकडे सगळं अडतं ते ‘न’ आणि ‘ण’वर, ‘श’ आणि ‘स’वर. ‘पानी’ म्हटलं की वर्गात खसखस पिकते. पण हेच ‘पानी’ हिंदी बातम्यांतल्या अँकरने म्हटलं की ते शुद्ध! ‘आउस’ म्हणणारा अडाणी ठरतो. ‘ऑनेस्ट’ आणि ‘आवर’ म्हणताना मात्र राजघराण्यातली माणसंही ‘ह’ खातात. थोडक्यात, आवाजात खोट नसते. तो कुणाच्या तोंडून आला, यावर निकाल लागतो.

मंजुळा आली आणि...

मराठी रंगभूमीला साहेबाचं नाटक आपलंसं करायची सवय फार जुनी. आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, अत्र्यांनी ऑक्सफर्डच्या पोरांची ‘चार्लीज आन्ट’ उचलून ‘मोरूची मावशी’ केली. पण बोली हाच ज्याचा विषय आहे, असं नाटक घेऊन १९७५ मध्ये पु. ल. देशपांडे आले. नाव ‘ती फुलराणी’. बालकवींच्या कवितेची आठवण करून देणारं. एलायझाची झाली मंजुळा आणि हिगिन्सचा झाला प्रोफेसर अशोक जहागीरदार. भक्ती बर्वे आणि सतीश दुभाषी. पुढचा इतिहास तुमच्या आईबाबांना विचारा, अर्धं नाटक पाठ म्हणून दाखवतील.

पु. लं.नी केलं काय? शब्दाला शब्द लावत बसले नाहीत. हिगिन्सच्या मस्तीला त्यांनी मराठी प्राध्यापकी शुद्धतेचा ताठा दिला आणि एलायझाच्या कॉकनीच्या जागी रस्त्यावरची, ‘अशुद्ध’ म्हणून हिणवली जाणारी मराठी आणली. प्रोफेसरला धडा शिकवायच्या ईर्षेने पेटलेल्या मंजुळाचं ते प्रसिद्ध स्वगत घ्या. शॉच्या मूळ नाटकात तसं स्वगत नाही. त्याचं नातं ‘माय फेअर लेडी’तल्या एका गाण्याशी लागतं. पण मराठीत ते असं काही मुरलं, की गॅदरिंग आणि एकपात्री स्पर्धांमध्ये मुलींच्या पिढ्यांनी ते गाजवलं. नंतर अमृता सुभाषसारख्या अभिनेत्रींनी मंजुळा केली. २०२३ मध्ये ‘फुलराणी’ नावाने याच गोष्टीवर सिनेमाही आला.

मराठीने या गोष्टीला एक जास्तीचं हत्यारही दिलं, जे शॉकडे नव्हतं. इंग्रजीत आपलं एकच ‘यू’. नोकर मालकाला ‘यू’ आणि मालक नोकराला ‘यू’. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत. कोण कुणाला कधी ‘तू’ म्हणतो आणि कुठल्या क्षणी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर घसरतो, यातच अख्खा सीन बसतो. चिडलेली मुलगी साहेबाला ‘अरे-तुरे’वर आणते, तेव्हा इंग्रजीतल्या चार स्लँगचं काम होऊन जातं.

पण एक गोष्ट मात्र लंडनमध्ये आणि इथे सारखी नाही. तिथे बोली प्रामुख्याने वर्ग सांगते. आपल्याकडे ती वर्ग सांगते, गाव सांगते आणि बरेचदा जातही सांगते. ‘पानी’ म्हणणाऱ्या पात्राला आपण हसतो, तेव्हा नेमके कुणाला हसतो? एलायझाला हसणारा लंडनकर गरिबीला हसत होता. आपल्या हशात आणखी एक-दोन थर मिसळलेले असतात. आज कुणी नव्याने हे नाटक मराठीत आणायला बसलं, तर सगळ्यात आधी त्याला हा हिशेब करावा लागेल.

‘शुद्ध’ म्हणजे कुणाचं, हो?

आता जरा शनिवार पेठेत या. ओंकारेश्वरावरून आत शिरा, अहिल्यादेवी शाळेजवळ थांबा. इथलाच ‘सुदर्शन रंगमंच’, छोटेखानी जागेतल्या प्रायोगिक नाटकांमुळे पुण्याच्या नाटकवेड्यांना पाठ झालेला पत्ता. तर शनिवार, सदाशिव, नारायण या पेठांमधली मराठी म्हणजे ‘शुद्ध मराठी’ असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. हिगिन्सला पुण्यात घर घ्यायचं असतं, तर त्याने याच भागात जुना वाडा शोधला असता!

पण या शुद्धतेची कुंडली काढली की मजा येते. मराठीचा पहिला भक्कम कोश १८३१ मध्ये आला तो मोल्सवर्थ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने. त्याच्या मदतीला जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ होते. यातला थॉमस म्हणजे आपला मेजर कँडी. शनिवारवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर विश्रामबागवाडा आहे. तिथल्या पुणे पाठशाळेशी कँडीचा संबंध होता आणि मराठी शाळांची पुस्तकं त्याच्या नजरेखालून जायची. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुळवल्याचं श्रेयही त्याच्याकडेच जातं. पुण्याच्या शास्त्रीमंडळींची भाषा आणि साहेबाची शिस्त, या दोघांच्या संसारातून छापील, शाळेतली ‘प्रमाण’ मराठी उभी राहिली.

म्हणजे तीन पेठांची बोली होती, ती पुस्तकात गेली आणि भाषा झाली. बाकीच्यांची बोली पुस्तकाबाहेर राहिली, म्हणून ती बोलीच राहिली. लंडनमध्येही तेच झालं. राजवाडा, कोर्ट आणि महागड्या शाळा यांचा उच्चार ‘इंग्लिश’ ठरला आणि भाजीबाजाराचा उच्चार ‘कॉकनी’. शनिवार पेठेतला ‘आलो हं पाच मिनिटांत’ हाही खरं तर एका गल्लीचा लहेजाच की! फक्त त्याला कुणी स्लँग म्हणत नाही.

उलटी गंगा

मराठी नाटकाने या हिशेबाची परतफेडही झकास केली. १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आलं. कोकणातल्या गावात महाभारताचं नाटक बसवायची धांदल आणि द्रौपदीपासून दुःशासनापर्यंत सगळी मंडळी मालवणीत! मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच बघायला मालवणी न येणारेही रांग लावायचे. पु. लं.नी त्याचं भरभरून कौतुक केलं. पुढे हे नाटक लंडनलाही जाऊन आलं.

दुसरं उदाहरण डॉ. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चं. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) या प्राध्यापकाने मराठवाड्याच्या खेड्यातलं अख्खं बिऱ्हाड एकट्याने रंगमंचावर उभं केलं आणि लग्नासाठी थेट लंडनला धाडलं. एकच माणूस, ५०हून जास्त पात्रं! तिथे विचित्र ठरते ती साहेबाची भाषा आणि प्रेक्षक नांदतो तो मराठवाडी बोलीत. २००९ मध्ये डॉ. देशपांडे गेले, पण त्यातले संवाद आजही लग्नघरात म्हटले जातात.

या दोन्ही नाटकांनी बोलीकडे करमणुकीचा मसाला म्हणून पाहिलं नाही, बोलीलाच मध्यभागी बसवलं. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकातही बाहेरगावच्या पोरांनी आपापल्या बोली स्टेजवर ठासून आणल्यात. लंडनमध्ये १९५० नंतर अशीच लाट आली होती. तोवर तिथे नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीतून पास व्हावी लागे आणि रस्त्यावरचे शब्द तिथेच गळत. ती सेन्सॉरशिप १९६८ मध्ये संपली. आपल्याकडे मात्र १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ला सेन्सॉरशी झगडावं लागलं, कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि जिंकले. सखारामची जीभ हीच त्या नाटकाची जान होती. ती धुऊन-पुसून दिली असती, तर उरलं काय असतं?

चौकट : लंडन टू लक्ष्मी रोड

ब्लाइमी : ‘गॉड ब्लाइंड मी’ या शपथेचा झिजून उरलेला तुकडा. मराठीत ‘आयला!’ कारण तीही झिजून गुळगुळीत झालेली शिवीच. पात्र आजीचं असेल तर ‘अगं बाई!’

मेट : कोल्हापुरात ‘भावा’, मुंबईत ‘भिडू’, पुण्यात ‘मित्रा’. (पुण्यात ‘मित्रा’ म्हटलं की पुढे बहुतेक टोमणाच येतो, हे ध्यानात ठेवा.)

गव्हनर : बोलताना ‘गव्नर’. ‘साहेब’, ‘मालक’ की ‘शेठ’? निवडाल त्यावर दोघांचं नातं ठरेल.

लव्ह : दुकानदार, बस ड्रायव्हर, कुणीही कुणालाही म्हणतं. इथे ‘प्रिये’ लिहिलंत तर नाटक भलतीकडे जाईल. मंडईतलं ‘ताई’ किंवा ‘दादा’च बरं.

टा : थँक्सचं शॉर्टकट रूप. मराठी माणूस घरच्यांना थँक्स म्हणतच नाही. ‘बरं झालं बाबा’वर भागवा.

ब्लडी : याला ठरलेला शब्द नाही. हॉलमधल्या लोकांना आज कशाने धक्का बसेल, ते आधी शोधा.

आणि तुमच्या ऑफिसात?

२००० नंतरच्या दशकात पुण्यात कॉल सेंटर आली आणि त्यांच्यासोबत उच्चाराचे क्लास. लातूर-सोलापूरहून आलेली मुलं हेडफोन लावून ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ घोटायला लागली. प्रत्येक ट्रेनिंग रूममध्ये एक छोटा हिगिन्स आणि वीस एलायझा! पण त्यांची डबल परीक्षा होती. फोनवर इंग्रजी उच्चार सुधारायचा आणि जेवणाच्या सुट्टीत मराठी. ‘लई’, ‘काहून’, ‘व्हय’ हे शब्द कॅन्टीनमध्ये निघाले की कुणीतरी हसायचं. मग गप्प राहायची सवय लागायची.

२०१६ मध्ये ‘सैराट’ने करमाळ्याकडची बोली सगळ्या महाराष्ट्राला ऐकवली आणि चित्र बरंच पालटलं. ‘लई भारी’ टी-शर्टवर आलं, ‘नाद खुळा’ प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर आलं. छानच! पण क्लारा आठवते ना? तिने ‘ब्लडी’ म्हटलं तर ती फॅशन. एलायझाने गरज म्हणून म्हटलं तर ती गावंढळ. कोथरूडच्या मुलीने ‘लई’ म्हणणं कूल आणि उस्मानाबादच्या (आता धाराशिव) मुलाने इंटरव्ह्यूत म्हणणं रिस्क, हा फरक अजून पुरता गेलेला नाही. स्लँगची मजा सगळे लुटतात, त्याची किंमत मात्र ज्याची ती भाषा आहे तोच मोजतो.

शॉने हे ओळखलं होतं. नाटकाच्या शेवटाकडे एलायझा पैज जिंकून देते, पण खूश नसते. आपली स्वतःची भाषा आपण विसरलो आणि तुमच्या भाषेशिवाय आता आपल्याकडे काही उरलं नाही, असं ती बजावते. पूर्वी फुलं विकून स्वाभिमानाने जगता येत होतं, आता तेही जमणार नाही. तिच्या या प्रश्नावर हिगिन्सकडे धड उत्तर नाही.

आपल्याकडे मात्र आहे, आणि ते रोज रात्री नऊच्या सुमारास हिंजवडीच्या बसमध्ये ऐकू येतं. दिवसभर क्लायंटशी ‘शुअर, नो वरीज’ करणारा मुलगा घरी फोन लावतो आणि पहिल्याच वाक्याला आईशी तिच्या बोलीत बोलायला लागतो. शेजारचा ऐकतोय की नाही, बघतही नाही. एलायझाला दोन भाषा एकत्र ठेवायची मुभा कुणी दिली नव्हती. त्या पोराने ती विचारलेलीच नाही. तुमच्या शेजारच्या सीटवर असा कुणी असेल, तर हसू नका. जमलं तर त्याला विचारा, ‘नॉट बॅड’ला तुमच्या गावाकडे काय म्हणतात?